तिसरी पद्धत आहे, मनू

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणालीस की हे जुने ग्रंथ एकतर हात जोडून वाचायचे नाहीतर नुसत्या गोष्टी म्हणून, तिसरं काही जमतच नाही. ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले, कारण तिसरी पद्धत आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडते.

ग्रंथात कोणीतरी कुठेतरी प्रश्न विचारलेला असतो. तो शोधायचा आणि मग उत्तर कोण देतं, कोण टाळतं, कोण मान खाली घालून बसतं ते बघायचं. महाभारतातलं सभापर्वच घे ना. बहुतेक लोकांना त्यातलं वस्त्रहरण तेवढं आठवतं, पण त्याच्या आधी द्रौपदीने विचारलंय की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला का मला? म्हणजे जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्या माणसाला पणाला लावायचा हक्क उरतो का. आणि भीष्म, ज्याला सगळं शास्त्र पाठ, तो एकीकडे म्हणतो की ज्याचं स्वतःचं काही राहिलं नाही तो दुसऱ्याचं लावू शकत नाही, दुसरीकडे म्हणतो की बायको तर नवऱ्याच्या अधीन असते, आणि शेवटी म्हणतो धर्म सूक्ष्म आहे, मला नीट सांगता येत नाही. मला हे फार मोठं वाटतं, कारण ज्या व्यवस्थेत ती उभी आहे त्या व्यवस्थेचे नियमच एकमेकांना छेद देतायत हे तिने सगळ्यांसमोर उघडं पाडलं आणि ग्रंथाने ते झाकलं नाही. बायको नवऱ्याच्या अधीन हे गृहीतच आपल्याला आज मान्य नाही, ते नाही म्हणायचंच, पण म्हणून पुस्तक मिटून टाकलंस तर द्रौपदीने त्याच गृहीताला कसा धक्का दिला ते वाचायचंच राहील.

बायबलमधलं ईयोबचं पुस्तक पण असंच. निर्दोष माणसावर संकटं कोसळतात, मित्र येऊन समजावतात की तू पाप केलं असणारच, त्याशिवाय देव शिक्षा देईल का, आणि ईयोब शेवटपर्यंत म्हणतो की मी केलेलं नाही. देव बोलतो तेव्हाही दुःख का दिलं ते सांगत नाही, उलट विचारतो मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, पण नंतर रागावतो तो देवाची बाजू घेणाऱ्या त्या मित्रांवर, ईयोबसारखं तुम्ही माझ्याबद्दल खरं बोलला नाहीत म्हणून! देवाशी भांडणारा माणूस खरा ठरतो, हे धर्मग्रंथातच लिहिलंय. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ नावाच्या संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो, देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, का पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं, आणि शेवटी युथिफ्रो घाईत आहे सांगून निघून जातो. आता हाच प्रश्न हातात घेऊन ईयोब परत वाच, वेगळाच दिसतो.

तुझी श्रद्धा आहे की नाही हे मी विचारत नाहीये हां, ते तुझं तू बघ. असली तरी प्रश्न विचारल्याने ती कमी होत नाही. कठोपनिषदातल्या नचिकेत नावाच्या मुलाने तर साक्षात यमाला विचारलं की मेल्यावर माणूस असतो का नसतो, यमाने घोडे, हत्ती, सोनं, लांब आयुष्य सगळं देऊ केलं, तरी तो हटला नाही.

फक्त काहीही अर्थ काढायचा आणि त्याला तत्त्वज्ञान म्हणायचं असं नको करूस. आपल्या अर्थाला न जुळणारे श्लोक गाळले तर तो अर्थ कच्चा समजायचा. गीता एकच, पण शंकराचार्यांना त्यात ज्ञान मुख्य दिसलं, रामानुजांना भक्ती, आणि टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात कर्मयोग मांडला. तिघांनी अख्खी गीता धरून मांडणी केली म्हणून त्यांच्याशी वाद घालता येतो. तू आधी मूळ वाच अर्थासकट, पहिला अध्याय अजिबात गाळू नकोस (अर्जुनाचे मुद्दे खरंच दमदार आहेत), आणि मग एकमेकांशी न पटणाऱ्या निदान दोन टीका, म्हणजे भाष्यं, वाच.

पण सुरुवात सभापर्वापासून कर. सगळे गप्प असताना कौरवांतला विकर्ण एकटा उठून द्रौपदीच्या बाजूने बोलतो आणि कर्ण त्याला गप्प करतो. तिथपर्यंत आलीस की लगेच फोन कर, कर्णाच्या बोलण्यात मुद्दा किती आणि नुसता राग किती ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझी आई