सिमच्या सहीवर इंटरनेटचं बिल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पोस्टपेड विभाग

विषय : न मागितलेल्या डेटाची आकारणी रद्द करण्याबाबत

स. न. वि. वि.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. गिऱ्हाइकांकडे आहे तो तुमचाच पोस्टपेड नंबर, आणि प्लॅनही नंबर घेतला त्या वेळचाच, फक्त बोलण्यापुरता. मला तो पुरतो. बिल आजवर थकलेलं नाही.

बटणांचा फोन बंद पडला म्हणून गेल्या महिन्यात नवा फाइव्ह-जी फोन घेतला. त्याला नॅनो सिम लागतं, म्हणून रावपुऱ्यातल्या तुमच्या दुकानात जाऊन सिम बदललं. फोटो दिला, ओटीपी दिला, सही केली. काउंटरवरच्या मुलाला बजावून सांगितलं की प्लॅन तोच ठेव, इंटरनेट घरच्या वाय-फायवर चालतं. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद होते, त्याबद्दल तक्रार नाही. तो नियम फसवणूक टाळण्यासाठी आहे.

पुढचं बिल आलं त्यात डेटाचे 2,457 रुपये 60 पैसे, वर 18 टक्के जीएसटी. वापर किती, तर 600 एमबी! माझ्या प्लॅनमध्ये डेटाचा दर 10 केबीला 4 पैसे आहे. वाचताना किरकोळ वाटतो, पण हिशेब केला तर एक जीबी चार हजार रुपयांच्या वर जातो. तुमच्याच आजच्या पॅकमध्ये रोजचा दीड-दोन जीबी मिळतो. हा दर लोक फोनवर एखादं चित्र उतरवून घ्यायचे त्या काळातला आहे.

तुमच्या कॉल सेंटरचं उत्तर : डेटा तुमच्या फोनने वापरला. वापरला असेल. नवा फोन आपणहून अॅप अपडेट करतो, फोटोंचा बॅकअप घेतो, आणि आमच्या वाड्याच्या जाड भिंतींत वाय-फाय अडलं की गुपचूप मोबाइल डेटावर जातो. जुन्या फोनमध्ये हे काहीच नव्हतं. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या नंबरावर डेटा चालू कोणी केला? ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) 2015 च्या नियमांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा सुरू करता येत नाही. सुरू-बंद करण्यासाठी 1925 हा टोल-फ्री नंबर त्यासाठीच ठेवलेला आहे. मी त्यावर ना फोन केला, ना मेसेज पाठवला. तुमच्याकडे माझी एकच सही आहे आणि ती सिम बदलण्याची आहे.

दुकानात विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "माशी, ए तो सिस्टममांथी थाय छे." म्हणजे ते सिस्टममधूनच होतं. वर सल्लाही मिळाला : फाइव्ह-जीचा नवा प्लॅन घ्या, म्हणजे हे बिल 'अॅडजस्ट' करून देऊ. म्हणजे आकारणी मागे घेता येते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. फक्त त्यासाठी मी दरमहा जास्त पैसे भरायचे. हे मला मुळीच मान्य नाही.

तेव्हा डेटाची आकारणी जीएसटीसकट रद्द करून सुधारित बिल पाठवावं. माझ्या नंबरावर डेटा बंद करून तसा मेसेज द्यावा. संमती घेतली असं म्हणणं असेल तर तिची नोंद, तारीख आणि वेळेसह, दाखवावी. जुना प्लॅन आहे तसा ठेवावा. या तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, लगेच कळवावा; निकाल पटला नाही तर मी तुमच्याच अपील प्राधिकरणाकडे जाईन. तिथे फी लागत नाही आणि 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तिथेही हेच ऐकायला मिळालं तर 1900 वर पोर्टचा, म्हणजे कंपनी बदलण्याचा, मेसेज टाकीन. नंबर माझ्याकडेच राहील, गिऱ्हाइकांना कळणारही नाही.

बिल बँकेतून ऑटो-पेने जातं. निर्णय होईपर्यंत वादातली रक्कम कापू नये. नेहमीचं भाडं मी वेगळं भरते आहे.

कळावे,

आपली ग्राहक
दांडिया बाजार, बडोदे
(नाव व नंबर सोबतच्या बिलावर आहेत.)

सोबत : बिलाची प्रत, सिम बदलल्याची पावती