पंपानं पाणी धरलं

माजलगाव,
पोळ्याची कर

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून उत्तर राहिलं. होडीचं वाफेचं इंजिन पळत होतं, बॉयलर सात किलो दाब धरत होता, आणि होडी अंगणात पालथीच. सगळं घोडं अडलं होतं एका वीतभर पंपापाशी.

काम त्याचं साधं. जेवढी वाफ गेली तेवढं पाणी बॉयलरात ढकलायचं, पण आतल्या दाबाला न जुमानता. १२ मिलिमीटरचा दट्ट्या, २५ मिलिमीटरचा फेरा. मिनिटाला ३०० फेरे धरले तर तासाला ५० लिटर. दोन हॉर्सपॉवरला पुरून उरतं. उरलेलं टाकीत परत जायला बायपासचा कॉक. कागदावर झकास! प्रत्यक्षात दट्ट्या हलायलाय आणि बॉयलरच्या पातळी दाखवणाऱ्या काचेतली पाण्याची रेघ खाली खाली. ती दिसेनाशी होऊ द्यायची नाही, म्हणून मी हातपंपाच्या दांड्याला लटकलेलो. इंजिन वाफेवर चालतंय का माझ्या खांद्यावर, असं शेजारचं पोरगं विचारून गेलं.

पहिली चूक माझीच. पाणी एकाच दिशेनं सोडणाऱ्या दोन्ही व्हॉल्व्हला मोटारसायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाकले होते. चार दिवसांनी उघडलं तर गंजून खडबडीत. स्टेनलेसचे आणले. बैठकीवर छर्रा ठेवायचा, वर पितळी दांडी, आणि हातोडीचा एकच नेमका ठोका. केसाएवढी गोल कड चमकली की बैठक जमली. ठोकलेला छर्रा फेकायचा, नवा टाकायचा.

मग पंप बादलीत धो धो पाणी टाकायला लागला. बॉयलरला जोडला की गप्प. दट्ट्याभोवतीची गळती अडवणारी ग्लँडदोरी बदलली, नळी बदलली, दोन रविवार गेले. अण्णा बाजेवरून बघत होते. म्हणाले, "ट्रॅक्टरचं डिझेल संपल्यावर काय करता रे?"

हवा काढतो. कामून सुचलं नाही मला, देव जाणे.

दट्ट्या एका फेऱ्यात ढकलणार पावणेतीन घनसेंटिमीटर, आणि दोन व्हॉल्व्हच्या मधे मी मोकळी जागा ठेवली होती तीनची. तिथं अडकलेली हवा दट्ट्यानं दबून निम्मी व्हायची, दट्ट्या मागं आला की पुन्हा फुगायची. दाब कसाबसा दुप्पट. बॉयलरकडचा छर्रा उचलायला तो आठपट लागतो, बॉयलरचा सात आणि बाहेरच्या हवेचा एक धरून. मग पितळी गुल्ली बसवून ती जागा पाव घनसेंटिमीटरवर आणली आणि वरच्या अंगाला हवा काढायचा स्क्रू ठेवला. काल स्क्रू ढिला केला, फुसफुस बुडबुडे आले, पाण्याची बारीक धार लागली. आवळला. काचेतली रेघ सरकायला लागली, वर!

टाकीही पंपाच्या वर टांगली. परतीचं पाणी गरम असतं, ते खालून ओढायला गेलं की पंपातच वाफ होते. बोअरचं पाणी मात्र बंद. किटलीला बसतो तोच पांढरा थर छर्र्यांवर बसतो. पत्र्याच्या पागोळ्यांचं पाणी दोन पिंपं भरून ठेवलंय.

येत्या रविवारी होडी धरणात उतरवायची आहे. तू शनिवारीच ये. येताना ८ मिलिमीटरचे स्टेनलेसचे छर्रे डझनभर आण, इथं मिळंनात. आणि कळकट कपडे घाल लेका, हातपंपावर तुलाच बसवणार आहे.

तुझा,
बंड्या