फूट वेगळी, रिकामे बाक वेगळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'महिला आर्चबिशपमुळे अँग्लिकन चर्चमध्ये फूट' ही आपली बातमी वाचली. बाईंवर खापर फोडण्याआधी जरा मागे जायला हवे होते. सेरा मलाली यांची कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या आणि त्याच्या परंपरेतल्या जगभरच्या अँग्लिकन चर्चच्या प्रमुखपदी, निवड 3 ऑक्टोबर 2025 रोजी जाहीर झाली. ठिणगी पडली होती 2003 मध्ये, अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन बिशप झाले तेव्हा. 2008 मध्ये नाराज मंडळी जेरुसलेमला जमली आणि 'गॅफकॉन' ही त्यांची संघटना उभी राहिली. 2023 मध्ये इंग्लंडच्या चर्चच्या सिनॉडने (धर्मसभेने) समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांना हिरवा कंदील दाखवताच आफ्रिका-आशियातल्या अनेक आर्चबिशपांनी तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बींचे प्रमुखपद मानणेच सोडले. मलालींच्या निवडीनंतर दोन आठवड्यांनी 'गॅफकॉन'ने कँटरबरीशी काडीमोड जाहीर केला, तो निमित्त मिळाले म्हणून.

बातमीत पुढे म्हटले आहे की, या भांडणांना कंटाळून लोक चर्च सोडत आहेत. हे तर मुळीच पटत नाही. इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्याच्या हिशेबाने अँग्लिकन अडीच कोटींच्या घरात. आठवड्याच्या उपासनेला हजर सात लाखांच्या आसपास. 2019 मध्ये हा आकडा साडेआठ लाख होता. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 2001 मध्ये जवळपास 72 टक्के होते, 2021 मध्ये 46.2 टक्के उरले. ही माणसे भांडून गेलेली नाहीत. भांडणारा निदान सभेला तरी येतो! आजी दर रविवारी जायची, आई नाताळला, आणि नातवाला बाप्तिस्म्यालाच नेले नाही, असे ते होत गेले. उलट नायजेरिया, युगांडात चर्च भरलेली असतात, आणि फुटीचा जोर नेमका तिथलाच.

तिथल्या माणसाचा खरा प्रश्न अधिकाराचा आहे. बहुसंख्य अनुयायी आफ्रिकेत, पण साऱ्यांच्या प्रमुखाचे नाव ब्रिटनचे पंतप्रधान राजाकडे पाठवणार. इंग्लंडच्या चर्चचे 26 बिशप ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बसणार. स्त्रियांबद्दलची 'गॅफकॉन'मधल्या अनेकांची मते मला मान्य नाहीत. पण युगांडात कंपालातल्या माणसाने हे का चालवून घ्यावे, याला माझ्याकडे उत्तर नाही.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला याच चर्चचा बाप्तिस्मा घेतला. पुढे तिथेच चेल्टनहॅमला त्यांनी तरुण मुलांनाही शिकवावे असे घाटत होते, तर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी मोडता घातला. बाईने पुरुषांना शिकवणे त्यांना रुचले नाही. रमाबाईंनी पत्रांतून चांगलेच सुनावले. आपल्याकडे आंध्रात ई. पुष्पा ललिता 2013 मध्ये बिशप झाल्या, इंग्लंडमध्ये पहिली महिला बिशप 2015 ची. म्हणजे इथे आपण पुढे होतो, हे आपल्या वार्ताहराला ठाऊक नसावे.

आमच्या नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मी लहान होतो, मंडप आणि गर्दी तेवढी आठवते. अमेरिकन मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले, तरी बिशप मानणारे आणि न मानणारे एका पंगतीत बसले, ही लहान गोष्ट नव्हे. (आता आपल्याकडच्या चर्चमध्ये भांडण होते ते बायबलच्या अर्थावरून कमी, सातबाऱ्यावरून जास्त. तो वेगळ्या पत्राचा विषय.)

आपला,
एक वाचक, नागपूर

ता. क. : बातमीसोबतचे छायाचित्र व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्सचे आहे. ते पोपचे चर्च, आणि पोपशी संबंध इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने 1534 मध्येच तोडले. जवळचे छायाचित्र हवे असेल तर मुंबईत फोर्टमध्ये सेंट थॉमस कॅथीड्रल आहे. चर्चगेटच्या नावातले चर्च ते हेच.