ट्रोजन लघुग्रह गुरूभोवती फिरत नाहीत

संपादक महोदय,

ट्रोजन लघुग्रहांना ‘गुरूचे सोबती’ म्हटले की ते गुरूभोवती फिरतात असा समज होतो. ते फिरतात सूर्याभोवतीच, गुरूच्याच कक्षेत, सुमारे १२ वर्षांत एक फेरी. एक थवा गुरूच्या ६० अंश पुढे, दुसरा ६० अंश मागे. सूर्य, गुरू आणि थवा यांचा समभुज त्रिकोणच तो. त्यामुळे गुरूपासूनही ते सरासरी ७८ कोटी किलोमीटर दूर!

आकृत्यांत ते एका बिंदूत कोंबलेले दिसतात, हीही चूक. प्रत्येक जण त्या बिंदूभोवती साधारण दीडशे वर्षांत एक झोका घेतो. पुढच्या थव्यातला लघुग्रह मागे पडून गुरूजवळ सरकू लागला, की गुरूची ओढ त्याची ऊर्जा घटवते. तो किंचित आतल्या कक्षेत उतरतो, तिथे वेग जास्त, म्हणून पुन्हा पुढे निघतो. ओढ मागे खेचणारी, परिणाम पुढे जाण्याचा! ही खरी गंमत कुठे सांगितलीच जात नाही.

गणितज्ञ लाग्रांजने ही त्रिकोणी रचना १७७२ मध्ये गणिताने मांडली. पहिला ट्रोजन, अकिलीज, सापडला १९०६ मध्ये. नासाचे ‘ल्युसी’ यान ऑगस्ट २०२७ मध्ये युरिबेटीस या ट्रोजनजवळून जाणार आहे. त्या बातमीसोबत कृपया दोन्ही थव्यांची योग्य आकृती छापावी.

— खगोल अभ्यासक वाचक