सही करायच्या आधी

सांगली
रविवार, रात्री

चि. चिऊस,

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी मी फोन आपटला नाही, तो कट झाला. आई म्हणते आपटलाच. असो.

एमबीएचं दुसरं वर्ष सोडून तू गोरेगावला शूटिंगचा रोजचा खर्च सांभाळणाऱ्या लाइन प्रोड्यूसरच्या हाताखाली जाणार, हे ऐकून मी जे बोललो त्यातलं निम्मं मागे घेतो. ‘सेटवर चहा वाटायला एवढी फी भरली का’ हे तर आधी. उरलेलं निम्मं कुठलं ते माझं मलाच ठरत नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर आपण दोघंही दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. हे तुझ्या आजीकडून आलंय.

तू म्हणालीस, “बाबा, तिथे डिग्री कुणी विचारत नाही, आधी काय केलंय ते विचारतात.” दोन रात्री मी मोबाइलवर हेच शोधत होतो. सिद्धार्थ रॉय कपूर जमनालाल बजाजचे एमबीए, आधी प्रॉक्टर अँड गँबलमध्ये होते, मग सिनेमाच्या धंद्यात आले. वाटलं, सापडलं! लगेच तुला पाठवणार होतो. तेवढ्यात ज्या यूटीव्ही कंपनीत ते मोठे झाले, ती काढणारे रॉनी स्क्रूवाला निघाले सिडनहॅमचे कॉमर्सवाले. त्यांची सुरुवात मुंबईत घरोघर केबल जोडून देण्यापासून. मग नाही पाठवलं. आपल्या नाटकात बघावं, तर सगळे डॉक्टर. लागू कान-नाक-घशाचे, घाणेकर दातांचे, आगाशे मनाचे. एमबीए एक आठवेना. आई म्हणाली, “म्हणजे हिला मेडिकलला घालायला हवं होतं.”

तरी एक सांगतो. सेटवर विचारत नसतील, पण कुठला सिनेमा घ्यायचा, जाहिरातीवर किती घालायचे हे ज्या ऑफिसात ठरतं, तिथल्या खुर्च्यांवर एमबीए बरेच असतात. पस्तिसाव्या वर्षीही तुला रात्री दोन वाजता जनरेटरचं डिझेलच मोजायचंय का? एक वर्ष तर राहिलंय. एक वर्ष म्हणजे काय गं, दोन दिवाळ्यांमधलं अंतर... झालं, सुरू झालो. आई आतून म्हणतेय, पत्र आहे, सर्क्युलर नव्हे. चुकलो.

मला विचारायचं होतं ते इतकंच, की कबूल केलेले पैसे त्यांनी लिहून दिलेत का?

आजीच्या पाटल्या गेल्या ते तुला माहीत आहे. पण त्या दिवशी काय झालं ते नानाआजोबांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि मीही. मुंबईच्या नाटक कंपनीचा प्रयोग नानांनी घेतला होता. नाइट, म्हणजे प्रयोगाचे ठरलेले पैसे, आगाऊ पोचती केलेली. बस सकाळीच आली आणि दुपारी आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं. प्रयोग रद्द. नुकसान कुणाचं, यावर कागद नव्हता. सगळं शब्दावर. शब्द नानांचा होता, म्हणून नुकसानही नानांचं. मी सोळा वर्षांचा. बुकिंगच्या खिडकीत बसून लोकांचे पैसे परत करत होतो, आणि शेजारी नाना खुर्च्यांच्या प्लॅनवरच्या लाल पेन्सिलीच्या फुल्या एकेक करून खोडत होते. कागद फाडून टाकला असता तरी चाललं असतं. पण खोडरबराने, रांगेने, ए एकपासून. रबराचा चुरा फुंकायचे आणि पुढची फुली. मंडळींना जाताना चहा-पोहे दिले, तेही वहीत मांडले. त्या वहीत पैशाची चूक सापडायची नाही. हिशेब येत असूनच माणूस बुडाला, चिऊ.

(आपल्या गावाची रीतच ती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे पहिलं नाटक केलं ते राजांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले. त्यांच्याकडे तरी कुठे काही लेखी असणार!)

बँकेत मी तरी काय केलं? १९९८ साली सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा दिला, तेव्हा मी लोन डिपार्टमेंटला होतो. आम्ही हसलो होतो. तारण काय घेणार, हिरोचा विग? आणि आता माझीच मुलगी. हसतील ते हसोत.

तू सातवीत असताना भावे नाट्यमंदिरात मध्यंतरात बटाटेवडा हातात धरून रिकाम्या खुर्च्या मोजत होतीस. पुढच्या वेगळ्या, बाल्कनीच्या वेगळ्या. वडा गार झाला. मग म्हणालीस, “बाबा, यांचं आज गाडीभाडंसुद्धा सुटणार नाही.” मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. नानांना मी सांगितलं नाही, त्यांनी तुला डोक्यावर घेतलं असतं.

आईकडून कळलं की पगारावर नाही, ‘कन्सल्टंट’ म्हणून घेतायत. मग छोट्या धंद्यांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून टाक, फुकट होते. २००६ च्या एमएसएमई कायद्याने अशांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मालिकावाले नव्वद दिवस लावतात म्हणे. टीडीएस कापला तर तो तुझ्या पॅनवर जमा झाला का बघत जा. कर्जाच्या हप्त्याचं मनावर घेऊ नकोस, जामीनदार मी आहे, बघून घेईन. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं. कॉलेजला नाव काढायचा अर्ज देऊ नकोस, वर्षभराचा खंड माग. देतो म्हणाले तर त्यांचंही लेखी घे.

भडंग आणि शेंगदाण्याची चटणी कुरिअर केलीय. चटणी रूमवरच्या पोरींनाही दे.

कराराचे फोटो तू आईला पाठवलेस, मला नाही. मी तिच्या मोबाइलवर मोठे करून तीनदा वाचले. मानधन आहे, तारीख आहे, तिसऱ्या पानावर तुझ्या सहीची जागा आहे. शूटिंग रद्द झालं तर काय, ते कुठेच नाही. चौथं पान हललंय, तिथे असेल तर बरं. ते परत काढून पाठव. मला पाठव. मी जागाच आहे.

तुझा,
बाबा