एमपीएससीचा फॉर्म यंदा भरत नाहीये, पण आधी नीट ऐका

आई, बाबा,

नमस्कार. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय संपवतात आणि मग आई रात्री वेगळा फोन लावून विचारते की नक्की ठरलं काय, म्हणून एकदाच सगळं टाईप करून पाठवतेय. बाबा, अक्षर मोठं करून वाचा, चष्मा शोधत बसू नका.

तर मी यंदा एमपीएससीचा फॉर्म भरत नाहीये. घाबरून नाही आणि कोणाच्या नादाला लागून पण नाही. मामा म्हणेल राज्यशास्त्र-लोकप्रशासनात एमए करायचं आणि परीक्षा द्यायची नाही म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. इथे पुण्यात बरेच जण त्याच हिशोबाने अ‍ॅडमिशन घेतात हे खरंय, हॉस्टेल मिळतं, लायब्ररी मिळते आणि खरा अभ्यास सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत चालतो. त्यांना मी नावं ठेवत नाही, घरची परिस्थिती असते एकेकाची. पण मला हा विषयच आवडायला लागलाय आणि त्याला कारण तुम्ही दोघं आहात, मस्का नाही मारत.

बाबा, वुड्रो विल्सन, जो नंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, त्याने १८८७ साली लिहून ठेवलंय की प्रशासन हे राजकारणापासून वेगळं ठेवायला पाहिजे. मला वाचता वाचता तुमचा बदल्यांचा सीझन आठवला आणि लायब्ररीत एकटीच हसत बसले. सरपंचाच्या गटाशी बिनसलं की भाऊसाहेबांचं, म्हणजे ग्रामसेवकाचं, बिऱ्हाड हललंच. मग पुढे लिप्स्की म्हणून एक अमेरिकन अभ्यासक आहे, तो म्हणतो सरकारी धोरण जेवढं वर ठरतं तेवढंच खिडकीवरच्या माणसाच्या हातात ठरतं, कारण काम ढीगभर, वेळ आणि पैसा कमी, मग कोणाचं आधी आणि कोणाचं नंतर हे तोच ठरवणार ना. मला तुम्ही मार्च एंडला दिसलात. वरून वसुलीच्या टक्क्यांचा तगादा, तुम्ही नमुना नऊ, ती कर मागणीची वही, उघडून बसलेले आणि काही नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंब. ज्याच्या घरात नुकतंच मयत झालंय त्याच्याकडे आत्ता घरपट्टी मागायला जायचं नाही, आणि जो नुसता मातब्बर म्हणून थकवतोय त्याच्या दारात सकाळी सातला उभं राहायचं. ती टिंबं कुठल्या जीआरमध्ये होती सांगा बरं?

आणि आई तू हसू नकोस, तुझ्यावर तर माझं अख्खं प्रेझेंटेशन झालं. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा, मग २०११ ला आपल्या राज्याने निम्म्या केल्या, हे सगळे पाठ करतात. वर्गातला एक जण म्हणाला मॅडम कागदावर बाई असते आणि कारभार नवराच बघतो. असतं तसं, खूप ठिकाणी असतं, मी नाही कुठे म्हटलं. पण मी त्याला तू ग्रामपंचायत सदस्य असतानाची प्रोसिडिंग बुकाची, म्हणजे सभेच्या ठरावांच्या वहीची, गोष्ट सांगितली. शिपाई सहीला घरी यायचा, बाकीच्या सदस्य बायका दारातच सही करून द्यायच्या आणि तू त्याला चहा देऊन बसवायचीस आणि चहा संपेपर्यंत मागची सगळी पानं वाचायचीस. पाण्याच्या टाकीच्या ठरावात "सर्वानुमते" लिहिलेलं तेव्हा तू म्हणालीस, मी तर त्या दिवशी माहेरी होते, मग हे सर्व कोण? नाहीच केलीस सही. बाबा दोन दिवस गप्प होते कारण तिथले भाऊसाहेब त्यांचे दोस्त.

माझं डिझर्टेशन पण यावरच करायचं डोक्यात आहे, तहकूब ग्रामसभांवर. गावातले १५ टक्के किंवा १०० मतदार, यातले जे कमी ते हजर पाहिजेत, नाहीतर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही! म्हणजे पहिल्या वेळेला कोणी आलं नाही तर पुढच्या वेळेला दहा माणसांत गावाचा आराखडा मंजूर. कायद्यात आहे सगळं, पण खरा कारभार त्या दुसऱ्या सभेत होतो का हे कोणीतरी वह्या उघडून बघायला पाहिजे. घटनेच्या २४३ ई मध्ये तर स्वच्छ लिहिलंय की पंचायतीची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, तरी मार्च २०२२ ला मुदत संपलेल्या किती जिल्हा परिषदांवर तीन वर्षांहून जास्त प्रशासक बसून होता, ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या रचनेच्या कोर्टकचेऱ्यांत अडकून. बाबा तुम्ही तेव्हा म्हणालात कामं तर चाललीत की. तेच तर मला खटकतं, कामं चालली की सदस्य नसले तरी चालतात असं लोकांना वाटायला लागतं.

आता पैशाचं, कारण आई तेच विचारणार. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देणार आहे, वर्षातून दोनदा असते, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडीला महिन्याला ३७,००० मिळतात. नाही मिळाली तर नोकरी बघेन, या विषयातल्या पोरांना संस्थांमध्ये रिसर्चची कामं मिळतात, पगार फार नाही पण उपाशी नाही राहणार. दोन प्रयत्न करू द्या, मग बोलू.

बाबा, तुमच्या नोकरीतल्या डायऱ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत ना, आईने दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला घालायच्या आधी खाली काढून ठेवा, पण स्वतः शिडीवर चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. मी आले की रोज तासभर बसायचं आणि मी रेकॉर्ड करणार. आईची मुलाखत वेगळी, तुम्ही घरात नसताना. आणि मामाला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा.

तुमची,
सोनू