‘हॅव’ म्हणजे केवळ ‘जवळ असणे’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शालेय पुरवणीत गेल्या आठवड्यात ‘हॅव’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘जवळ असणे, बाळगणे’ एवढाच दिला होता आणि त्याखाली ‘आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स’ असे म्हणणाऱ्या मुलांची थोडी थट्टाही केली होती. मराठी माध्यमाच्या शाळेत अनेक वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माझ्यासारख्याला ती थट्टा खटकली, कारण त्या चुकीचे मूळ, माझ्या समजुतीप्रमाणे, असल्या एकाच अर्थावर भागवण्यात आहे. मुलाच्या मनात वाक्य असते ‘मला दोन बहिणी आहेत’. त्यातल्या ‘आहेत’साठी ते ‘ॲम’ शोधून आणते, पाठ केलेला ‘हॅव’ही सोडवत नाही, आणि मग दोघांना एकत्र नांदवायचे तर ‘हॅविंग’ म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

मराठीत ‘हॅव’ला एकच एक प्रतिशब्द नाही, ते काम आपण ‘असणे’ आणि निरनिराळी विभक्ती-प्रत्यये व शब्दयोगी अव्यये यांच्याकडून करून घेतो. मला ताप आहे, खोलीला दोन खिडक्या आहेत, तिच्यात धमक आहे, माझ्याकडे सुटे पैसे आहेत. या चारही ठिकाणी इंग्रजीला ‘हॅव’ पुरतो. मराठीत मात्र ‘ला’च्या जागी ‘कडे’ घातला की अर्थच पालटतो. ‘मला दोन मुली आहेत’ असे बाप म्हणतो, तर ‘माझ्याकडे दोन मुली आहेत’ असे वधू-वर सूचक मंडळाचा चालक म्हणेल. शिवाय इंग्रजीत मालक हा कर्ता होतो, तर आपल्याकडे ताप, खिडक्या, मुली याच कर्त्याच्या जागी बसतात. (‘हॅव’चे मूळ ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि लॅटिनमधला ‘कापेरे’ हा त्याचा भाऊबंद, दिसायला जुळा वाटणारा ‘हाबेरे’ मात्र त्याच्या नात्यातला नव्हे.)

‘हॅविंग’ सर्वत्र चूक आहे असेही नाही. मालकी किंवा नाते सांगताना ते चालत नाही. पण जेवणे, चहा घेणे, मजा करणे अशा चालू क्रियेसाठी ‘वी आर हॅविंग लंच’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे, आणि ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. हा फरक वर्गात एकदा सांगितला की ‘आय ॲम हॅविंग टू डॉटर्स’ ऐकून इंग्रज माणसाच्या भुवया का उंचावतील, हे मुलांना आपोआप कळते आणि ती चूक सहसा पुन्हा होत नाही.

खरी कसोटी याच्या पुढे आहे. ‘आय हॅड पेंटेड द हाउस’ म्हणजे मी घर रंगवले होते. ‘आय हॅड द हाउस पेंटेड’ म्हणजे ते मी रंगवून घेतले. शब्द तेच, केवळ जागा बदलली, की ब्रश दुसऱ्याच्या हातात जातो. मराठीला ‘रंगवून घेणे’ ही रचना चांगलीच परिचयाची असल्यामुळे तिच्यावरून शिकवले तर हे अवघड जात नाही. ‘हॅव टू’चेही तसेच: ‘मला जावे लागते’ हे वाक्य समोर ठेवावे, त्यात ‘जवळ असण्या’चा संबंध शोधू नये. ‘ही हॅड हॅड फीव्हर’मधला दुसरा ‘हॅड’ तर मुले छापखान्याची चूक समजून खोडतात; ‘त्याला ताप आला होता’ हे शेजारी लिहिले की पहिला ‘हॅड’ साहाय्यक आणि दुसरा मुख्य, हे त्यांच्या ध्यानात येते.

2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. इतक्या लहान वयात क्रियापदाचा एकच अर्थ घोकून घेतला, तर पुढे तो पुसणे किती जड जाते, हे दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना मी पाहिले आहे. म्हणून पुरवणीच्या पुढील अंकात ‘हॅव’ पुन्हा घ्यावा आणि त्यासोबत सुट्या अर्थाऐवजी पूर्ण मराठी वाक्ये द्यावीत, अशी विनंती आहे.

जाता जाता आपल्याच नोकरीविषयक पानाबद्दल एक तक्रार. तेथे ‘उमेदवाराकडे तीन वर्षांचा अनुभव असावा’ असे वारंवार छापले जाते. अनुभव उमेदवाराला असतो. त्याच्याकडे असते ते अनुभवाचे प्रमाणपत्र.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा